नळाले पानी उनं!

ज्याला प्रिंट काढता येते त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं, असा तालुक्याच्या गावात पक्का समज असतो. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. म्हणजे मुलांकडून पेंटमध्ये एक झोपडी, एक नारळाचं झाड आणि दोन डोंगरांमधला सूर्य काढून घेते. नारळाचं झाड आमच्या खान्देशात कोणी फारसं पाहिलेलं नाही, पण चित्रात ते लागतंच. एवढ्या भांडवलावर गल्लीतले सगळे फॉर्म, सगळे विसरलेले पासवर्ड आणि टीव्हीला आलेल्या सगळ्या मुंग्या माझ्याकडे येतात. त्यामुळे गच्चीवरची टाकी रात्री भरून वाहिली आणि आईंचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, भिजले, तेव्हा निकाल माझ्यावरच लागला. "तू कॉम्प्युटरवाली ना? मंग काढ काही तरी!"

बिबडे भिजणं म्हणजे काय, हे ज्यांनी ते केलेत त्यांनाच कळेल. ज्वारी भिजवायची, भरडायची, पहाटे अंधारात चुलीवर मोठ्या पातेल्यात शिजवायची, आणि ते रटरटणारं पीठ गार व्हायच्या आत पाण्याचा हात लावून ओल्या धोतरावर थापायचं. बोटं भाजतात. ऊन वर यायच्या आत सगळं आटपावं लागतं, कारण मे महिन्यात आमच्या गच्चीवर नऊनंतर चप्पल घालूनही उभं राहवत नाही. वाळल्यावर धोतर उलटं करून मागून पाणी शिंपडायचं आणि एकेक बिबडा अलगद सोडवायचा. अजून एक ऊन द्यायचं म्हणून ते सगळे गच्चीवरच होते. मोटर कोणी लावून ठेवली होती याचा तपास घरात अजून चालू आहे. आमचे हे त्या दिवशी लवकर झोपले होते, असं ते स्वतःच सांगतात.

मी शोधाशोध केली. होम असिस्टंट नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, फुकट. घरातले दिवे, पंखे, मोटर सगळं आपल्याच कॉम्प्युटरवरून चालवायचं, कुठल्या कंपनीच्या दूरच्या सर्व्हरला विचारायचं नाही. पॉलस स्खाउत्सेन नावाच्या एका डच माणसाने 2013 साली हे सुरू केलं. त्याने कॉम्प्युटरवरून पेटणारे दिवे आणले होते आणि सूर्य मावळला की ते आपोआप लागावेत एवढीच त्याची इच्छा होती. इच्छा साधी होती, मला आवडली. आमच्याकडे सूर्य मावळला की दिवे लागण्याऐवजी जातात, हा फरक तेव्हा लक्षात घेतला नाही.

घरात एक जुना कॉम्प्युटर होता. त्यात शाळेच्या प्रश्नपत्रिका, म्हणून विंडोज पुसता येईना. मग व्हर्च्युअलबॉक्स टाकायचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर तयार करायचा आणि होम असिस्टंट त्यात ठेवायचं. आप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "एक धड चालत नही, अन् त्यान्हामा आखो दुसरा?"

दुसऱ्याला जागा द्यायची तर पहिल्याची परवानगी लागते, आणि ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, कुलूपबंद असते. कॉम्प्युटर सुरू होता होता नेमकी कळ दाबायची. क्षणभर उशीर झाला की विंडोज आलंच, पुन्हा बंद करा. आत गेल्यावर तो पर्याय वेगळ्याच नावाने बसलेला. इंटेलवाल्यांकडे त्याचं नाव एक, एएमडीवाल्यांकडे तो एसव्हीएम. मग चार जीबीतली दोन जीबी मेमरी पाहुण्याला काढून दिली. तरी पडदा काळाच. कारण सेटिंगमध्ये 'ईएफआय' नावाच्या एका चौकटीत टिक नव्हती. टिक नसेल तर मशीन चूक सांगत नाही, कुरकुर करत नाही, नुसतं काळं तोंड करून बसतं. नेटवर्कचंही तसंच. ते 'ब्रिज्ड' नसेल तर आतला कॉम्प्युटर बाहेरच्याच्या आड लपतो, आणि घरातला मोबाइल त्याला शोधत फिरतो.

सगळं जमलं. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला, पुढे 8123. पडद्यावर आलं: तयारी चालू आहे, याला वीस मिनिटं किंवा जास्त वेळ लागू शकतो.

तेवढ्यात लाइट गेली.

या सॉफ्टवेअरचा स्वभाव इथे सांगून ठेवते. त्याला प्रत्येक वस्तूची अवस्था विचारायची सवय आहे. दिवा चालू की बंद? टाकी किती टक्के? दार उघडं की लावलेलं? उत्तर एकच आणि ठाम पाहिजे. आमच्याकडे नळाला पाणी दिवसाआड येतं, म्हणजे दोन दिवसांआड, म्हणजे येतं तेव्हा येतं. पाहुणा 'निघालोच' म्हणतो तेव्हा तो अंघोळीला जात असतो. अशा घरात याला ठाम उत्तर देणार कोण? शेवटी ते बिचारं प्रत्येक वस्तूपुढे 'अनुपलब्ध' लिहून मोकळं व्हायचं, आणि खरं सांगायचं तर त्याचं निदान बरोबर असायचं.

सुट्टीत माझा भाचा आला होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा. "मावशी, तू सरक" म्हणत त्याने खुर्ची घेतली आणि येईल त्या पानावर 'पुढे, पुढे, पुढे' करत सुटला. त्यातल्या एका पानावर नकाशा होता आणि नकाशावर घर कुठे आहे ते विचारलं होतं. कोणी काही सांगितलं नाही तर हे सॉफ्टवेअर तुमचं घर ॲमस्टरडॅमला आहे असं धरून चालतं. आमचं घर तापीकाठी आहे. भाच्याने 'पुढे' दाबलं आणि आम्ही सहकुटुंब हॉलंडला गेलो.

ओट्यावरचा दिवा सूर्यास्ताला लागावा असा पहिला नियम त्याने केला. संध्याकाळी दिवा लागला नाही. 'नवीन आहे, शिकेल' असं म्हणून आम्ही जेवलो, गच्चीवर गाद्या टाकून झोपलो. मेच्या शेवटी ॲमस्टरडॅमला सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा आपल्याकडे सव्वा वाजलेला असतो. सव्वाला ओटा लख्ख उजळला. आई उठून बसल्या, "चोर शेत वाटतं!" आप्पा काठी घेऊन खाली गेले. चोराने दिवा लावून चोरी का करावी, हा प्रश्न त्या वेळी कोणाला सुचला नाही. शेजारचे जिभाऊही टॉर्च घेऊन आले, आणि मग दोघांनी ओट्यावर बसून तंबाखू मळली ती अडीचपर्यंत. भाचा झोपलाच होता.

सकाळी त्याला हॉलंडहून परत आणलं आणि सूत्रं मी हातात घेतली. टाकीचं काम मुख्य होतं, आणि त्यासाठी वायएएमएल नावाच्या भाषेत फाइल लिहावी लागते. हिच्यात कंस नाहीत, अर्धविराम नाहीत, सगळा अर्थ ओळीच्या आधी सोडलेल्या रिकाम्या जागेत. दोन स्पेस म्हणजे मुलगा, चार म्हणजे नातू. टॅबची कळ चालत नाही, एकेक स्पेसच दाबायची. तीन पडल्या तर नातेसंबंध बिघडतो आणि अख्खी फाइल रुसते. शाळेत समासाचे मार्क कापताना मी फार कडक असते, त्या सगळ्या मुलांची मला आठवण झाली. वर आणखी एक गंमत. या भाषेत ऑन आणि ऑफ हे शब्द अवतरणचिन्हांत घातले नाहीत, तर ती त्यांना परस्पर 'खरं' आणि 'खोटं' समजते. मोटर ऑन आहे का, असं विचारायचं असतं. तिच्या लेखी ते 'मोटर खरी आहे का' असं होतं. उत्तर कुठून मिळणार?

वायरमन आला. मी मागवलेला वायफायचा इवलासा रिले, म्हणजे मोबाइलवरून दाबायचं बटण, त्याने तळहातावर घेऊन पाहिला. "मॅडम, यावर मोटर लावायची?"

"दहा ॲम्पिअर लिहिलंय त्यावर."

"लिहू द्या ना. एक एचपीची मोटर आहे तुमची. चालू होताना कितीतरी पट करंट ओढते. याचे पॉइंट चिकटून बसतील, मग तुम्ही मोबाइलवर बंद करा नाहीतर कलेक्टर ऑफिसातून बंद करा, ती बंद होणार नाही." मग त्याने मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरीचा करंट सोसणारा दणकट स्विच, बसवला. रिले कॉन्टॅक्टरला सांगणार, कॉन्टॅक्टर मोटरला सांगणार. तो लागताना असा खट्ट आवाज होतो की मांजर अजून जिन्याखाली जात नाही.

रिले वायफायला जोडला जाईना, कारण त्याला 2.4 गिगाहर्ट्झच चालतं आणि आमचा नवा राउटर त्याच नावाने 5 पण सोडतो. ते निस्तरलं. टाकीतल्या सेन्सरचे निरोप कॉम्प्युटरपर्यंत पोचवायला एमक्यूटीटी नावाची पद्धत आहे. ती 1999 साली तेलाच्या पाइपलाइनीवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी बनवली होती. वाळवंटातून मैलोन्‌मैल गेलेली पाइपलाइन सांभाळणारी विद्या आता आमच्या पाऊण इंची पाइपाला लावली, या विचाराने मला भरून आलं. मी ते आप्पांना सांगितलं.

आप्पा म्हणाले, "मन्ही मोटर मिसकॉलवर चालू व्हस."

हे खरं आहे. मळ्यात केळीला पाणी द्यायच्या मोटरीच्या स्टार्टरवर त्यांनी कधीचा एक डबा बसवून घेतलाय. आत सिमकार्ड. फोन लावला की मोटर चालू, पुन्हा लावला की बंद, आणि वीज नसेल तर आतली बाई मराठीत सांगते की वीज नाही. त्याच्याही आधी ऑटो स्विच होता. थ्री फेज रात्री दोनला येवो की चारला, आली की मोटर आपोआप सुरू. त्यासाठी आप्पांना कधी स्पेस मोजाव्या लागल्या नाहीत. वर उन्हाळ्यात माझा कॉम्प्युटर तापतो म्हणून मी त्याला कूलरसमोर ठेवला होता, तो कूलर आप्पांचा. "त्याले गरम व्हस, आमले नही व्हत का?" याला उत्तर नव्हतं. कॉम्प्युटर देवघराच्या कोनाड्याजवळ गेला.

आता टाकी भरली की मोटर आपोआप बंद होते. होते, हे मी छातीठोकपणे सांगते. अडचण फक्त लाइट जाऊन आल्यावरची. लाइट येते, आप्पांची मळ्यातली मोटर त्याच क्षणी गुरगुरायला लागते, आणि माझ्याकडे आधी राउटर उठतो, मग कॉम्प्युटर, मग त्याच्या पोटातला कॉम्प्युटर, मग तो सगळ्यांची चौकशी करतो. तोवर आप्पा जिन्याखालचं बटण दाबून येतात आणि काहीच न बोलता माझ्यासमोरून जातात. बोलले असते तर बरं झालं असतं.

राहिला प्रश्न नळाला पाणी कधी येतं ते कळण्याचा. नळाच्या पाइपात मी एक सेन्सर बसवला. पाणी आलं की ओट्यावरच्या स्पीकरवर मराठी वाचणारा आवाज घोषणा करणार. मजकूर आईंनी सांगितला, "नळाले पानी उनं!" त्या यांत्रिक बाईने तो आकाशवाणीच्या थाटात, एकेक अक्षर स्वच्छ करून म्हटला. आईंना इतका आवडला की आवाज पूर्ण मोठा करून घेतला.

पहिल्याच दिवशी पहाटे पावणेपाचला घोषणा झाली. आमचा हौद भरायला लागला. मिनिटभरात समोरच्यांची मोटर खट्ट, मग जिभाऊंची, मग कोपऱ्यावरची. सगळ्यांनी मोटरी थेट नळाला लावलेल्या. आमच्या नळाची धार करंगळीएवढी झाली, मग थेंब थेंब, मग नुसती हवा. पडद्यावर मात्र सगळं व्यवस्थित होतं: नळ, पाणी नाही, सेन्सर, उपलब्ध.

मी स्पीकर घरात घेतला आणि आवाज बारीक केला. परवा पाणी येऊन गेलं, आमचा हौद काठोकाठ भरला, आणि सात वाजता जिभाऊ ओट्यावर येऊन उभे राहिले. मागे कोपऱ्यावरच्या काकू, हातात रिकामी कळशी.

"मॅडम," जिभाऊ म्हणाले, "आज तुन्हं मशीन बोलनं नही?"