हात काढू नकोस

आईच्या मते गाणं रेडिओतूनच यायला हवं; मोबाइलमधून येतो तो नुसता आवाज. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरात तिचा जुना रेडिओ स्वयंपाकघरातल्या फडताळावर, आणि तिची नाट्यगीतं हॉलमधल्या माझ्या मोबाइलमध्ये. मधे अठरा पावलं. तेवढ्यासाठी मी एफएम ट्रान्समीटर, म्हणजे मोबाइलमधलं गाणं रेडिओपर्यंत पोचवणारं छोटं प्रक्षेपक यंत्र, बनवायला घेतला. ‘ब्लूटूथ स्पीकर मिळतो,’ असं बायको एकदाच म्हणाली. एकदाच म्हणाली, हेच जास्त लागलं.

दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, स्टेशन जुळवायचा ट्रिमर, तांब्याची इनॅमल तार, सगळा माल मुठीत मावला. रिफिलवर पाच वेढे घालून कॉइल केली. दोन दिवस ट्रान्समीटर मुका. तारेवरचं इनॅमल खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही, हे तिसऱ्या दिवशी कळलं.

मग ९७ मेगाहर्ट्झच्या आसपास गाणं उमटलं. पण सहाव्या पावलावर फक्त खरखर.

आता ताकद वाढवायची. (विनापरवाना प्रक्षेपण हा गुन्हा आहे, त्यामुळे उंबरठ्याबाहेर जायची महत्त्वाकांक्षा नव्हतीच.) ९ व्होल्टची बॅटरी काढून १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला. ट्रान्झिस्टर चहाच्या कपासारखा तापला, गाण्यामागे अडॅप्टरची घूंऽऽ सुरू झाली आणि स्टेशनच जागेवरून हललं. व्होल्टेज बदललं की ट्रान्झिस्टरच्या पोटातली कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, बदलते, आणि तिच्यामागे फ्रिक्वेन्सी. आई काटा फिरवत बसली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, “आता कसं स्वच्छ येतंय रे!” मी धावत गेलो. १००.७ वर आकाशवाणीच्या एफएम गोल्डच्या बातम्या लागल्या होत्या.

निमूटपणे बॅटरी परत लावली. तात्पुरत्या जोडणीचा ब्रेडबोर्ड फेकून सगळं छोट्या पाटीवर जवळजवळ जोडलं, पायांच्या लांब तारा कापल्या आणि अँटेना केली पाऊण मीटरची, म्हणजे साधारण पाव तरंगलांबीची. खरी ताकद तिथे होती. ट्रिमर फिरवला, आणि स्वयंपाकघरात ऑर्गन वाजला!

मी विजयी मुद्रेने हात मागे घेतला. गाणं गेलं. हात जवळ नेला, आलं. माझ्या हाताची कपॅसिटन्स धरूनच मी स्टेशन जुळवलं होतं.

“हात काढू नकोस!” आई आतून ओरडली.

पद लांबलेलं होतं. तिसऱ्या तानेला बायको समोर येऊन बसली आणि शांतपणे चहा पिऊ लागली. माझा कप तिने माझ्या हाताला लागणार नाही अशा बेताने ठेवला होता.