भेटीला जाल तेव्हा पांघरूण बाजूला करून बघा

"आईला ठेवलंय तिथे छान बाग आहे, देऊळ आहे, माणसंही प्रेमाने बोलतात," असं कुणी सांगितलं की मी एकच विचारते, तिच्या टाचा बघितल्यात का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वृद्धाश्रमांत, केअर सेंटरमध्ये माझं सतत जाणं असतं. जीव ओतून काम करणारी माणसं तिथे भेटतात, हे आधी सांगते. पण जे वाईट पाहिलंय, त्यात उघड मारहाण क्वचितच होती.

एका ठिकाणी ऐंशी ओलांडलेल्या आजींचा हात व्यायामासाठी हातात घेतला, तर मनगटाभोवती बोटभर रुंद लालसर वळ. "बांगडी रुतली असेल," मावशी म्हणाल्या. आजींच्या हातात बांगडीच नव्हती, आणि दुसऱ्या मनगटावरही तसाच वळ होता. लघवीची नळी ओढतात म्हणून रात्री त्यांचे हात पलंगाच्या दांडीला बांधत होते. घरच्यांना पत्ता नाही. ते रविवारी ठरलेल्या वेळी यायचे, तेव्हा आजी न्हाऊन, पूर्ण बाह्यांचा गाऊन घालून खुर्चीत बसलेल्या असायच्या.

म्हणून म्हणते, पांघरूण बाजूला करा. टाचा, माकडहाड, खुबे बघा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोनेक तासांनी कूस बदलून द्यावी लागते. ती दिली नाही की तिथली कातडी आधी लाल होते, मग जखम होते. जीभ कोरडी आहे का? कपडे ढगळ व्हायला लागलेत का? कवळी, चष्मा, कानाचं यंत्र जागेवर आहे का? कधीही गेलात तरी माणूस गुंगीतच असेल तर कुठली गोळी चालू आहे आणि ती कुठल्या डॉक्टरांनी लिहून दिली, हे कागदावर दाखवायला सांगा. आणि अमुक एक माणूस खोलीत आला की आजोबा बोलता बोलता गप्प होतात का, हे तर नक्की बघा. डिमेन्शिया आहे म्हणून त्यांचं म्हणणं "भ्रम" ठरवून मोकळे होऊ नका.

जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी सांगते की अशा संस्थांमधल्या दर 3 पैकी 2 कर्मचाऱ्यांनी वर्षभरात ज्येष्ठांशी गैरवर्तन केल्याचं स्वतःच मान्य केलं. मला याचं फारसं आश्चर्य वाटत नाही. रात्री अख्ख्या मजल्याला एकच मावशी, बारा तासांची ड्यूटी, प्रशिक्षण शून्य. त्या मावशींना कामावरून काढलं म्हणजे प्रश्न मिटला, असं मी मानत नाही. जाब मालकाला विचारायला हवा.

घरचे बोलत नाहीत, कारण "काढून टाकलं तर ठेवायचं कुठे?" ही भीती मी जवळून पाहिली आहे, ती खोटी नाही. पण गप्प राहिल्याने छळ थांबत नाही. संशय आला तर आधी बाहेरच्या डॉक्टरकडून तपासून घ्या आणि जखमांची लेखी नोंद करून घ्या. तारखेसह फोटो काढा. जिवाला धोका वाटत असेल तर माणसाला आधी तिथून हलवा, कागदपत्रं नंतर. जिल्हाधिकारी आणि समाजकल्याण कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मारणं, कोंडून ठेवणं हे गुन्हे आहेत, त्यांची तक्रार पोलिसांतच करायची. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुख्यतः मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाहखर्चाबद्दल बोलतो. संस्थेच्या आत काय चालतं यावर सरकारची कडक, आगाऊ न कळवता होणारी तपासणी हवी, ही माझी मागणी आहे. 2025 च्या जूनमध्ये नोएडातल्या एका वृद्धाश्रमातून 39 ज्येष्ठांना सोडवावं लागलं. काही बांधलेले होते, काही कोंडलेले.

भेटीची वेळ बदलून बघा. मंगळवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी जा. "रविवारीच या" असा हट्ट असेल तर कारण विचारा.

एल्डरलाइन या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर 14567, सकाळी 8 ते रात्री 8. रात्री-अपरात्री काही कळलं तर 112.