खांबामागची काकू

मालिका लिहायला घेतलीत? अभिनंदन. पहिली गरज खलनायिकेची, आणि तिची पहिली गरज खांबाची. सेट लागतानाच दिवाणखान्यात दोन जाड खांब आणि जमिनीपर्यंत लोळणारे पडदे मागून घ्या. नायिका आपला गुप्त बेत नेहमी दार सताड उघडं टाकून, खणखणीत आवाजात सांगते. "बाबा, उद्या सकाळी ११ वाजता मी लॉकरमधून आजोबांचं मृत्युपत्र काढणार!" बाबा शेजारीच बसलेत, कानांनी धड आहेत. पण मग खांबामागे काकूंनी उभं राहून करायचं काय?

काकूंची भुवई वर, ढगांचा गडगडाट, तोच चेहरा तीनदा जवळून. झाला भाग.

दुसऱ्या दिवशी लॉकरमध्ये मृत्युपत्राऐवजी काकूंची चिठ्ठी. किल्ली कुठून आणली, बँकेत सही कोणी केली, असलं विचारणाऱ्या प्रेक्षकाला रविवारच्या महाएपिसोडमध्ये मंगळागौर दाखवा. फुगड्या सुरू झाल्यावर किल्ली कोणाला आठवते?

कुणी शहाणा तुम्हाला शकुनीचं उदाहरण देईल. लक्ष देऊ नका. सभापर्वात तो दुर्योधनाला सांगतो ते एवढंच, की युधिष्ठिराला द्यूत आवडतं पण खेळता येत नाही, आणि बोलावलं की त्याला मागे फिरता येत नाही. ना खांब, ना पडदा! सगळं हरून, धृतराष्ट्राच्या कृपेने परत मिळवून घरी निघालेल्या धर्मराजांना वाटेतून पुन्हा बोलावलं, तर ते पुन्हा आले. १२ वर्षांचा वनवास आणि वर भर म्हणून १ वर्षाचा अज्ञातवास घेऊन गेले. पण असा शकुनी लिहायचा तर आधी युधिष्ठिर लिहावा लागतो, खोडीसकट. आपल्या नायिकेला तुळशीला पाणी घालण्यापलीकडे स्वभावच नाही. काकू ओळखणार काय, कपाळ?

आणि काकूंचा अंदाज चुकवू तर मुळीच नका. लाक्षागृहात दुर्योधनाचा माणूस पुरोचन आग लावायची संधी बघत वर्षभर बसला, विदुराच्या माणसाने खालून भुयार खणलं, आणि जळाला पुरोचनच. व्यासांना चालतं, त्यांना दर गुरुवारी टीआरपी बघायचा नव्हता.

मी एकदा काकूंना चुकवलं होतं. नायिकेने बेत सांगितलाच नाही, मनातच ठेवला. संध्याकाळी वाहिनीवरून फोन. "सर, खांबांचं भाडं भरलंय. मागे कुणीतरी उभं करा."