योहान कॉसला घरच्या बर्फाने जिंकवलं नाही

गेल्या आठवड्यात एकच पोस्ट मला चार जणांकडून आली, त्यात माझा मामेभाऊ पण, जो एरवी गुड मॉर्निंगसुद्धा पाठवत नाही. पोस्ट थोडक्यात अशी: योहान ओलाव कॉस नावाचा नॉर्वेचा एक साधा स्केटर (बर्फावर स्केट्स घालून वेगाच्या शर्यती करणारा), 1992 च्या ऑलिंपिकला आजारपणामुळे फ्लॉप गेला, 1994 ला ऑलिंपिक त्याच्याच देशात आलं, घरचा बर्फ, नवीन टेक्नॉलॉजीचे स्केट्स, म्हणून तीन गोल्ड मिळाली, मग पोडियमवर उभं असतानाच त्याला आफ्रिकेतल्या उपाशी मुलांची आठवण आली, सगळे पैसे देऊन टाकले आणि त्याच क्षणी खेळ सोडला. खाली हात जोडलेले इमोजी.

हेतू चांगलाच असणार, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एक तर चुकीचं आहे नाहीतर अर्धवट, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की माणसाला संत बनवायच्या नादात त्याचं स्केटिंगच पुसून टाकलंय. म्हणून एकेक घेतो.

आधी "साधा स्केटर". कॉस 1990 ला इन्सब्रुकला आणि 1991 ला हिरनव्हेनला ऑलराउंडचा वर्ल्ड चॅम्पियन झाला होता. ऑलराउंड म्हणजे दोन दिवसांत चार शर्यती, 500, 1500, 5000 आणि 10,000 मीटर, प्रत्येक वेळ 500 मीटरच्या हिशोबात आणायची आणि चारही आकड्यांची बेरीज करायची, ज्याची सगळ्यात कमी तो जिंकला. एक शर्यत पाऊण मिनिटाच्या आत संपते आणि एक तेरा-चौदा मिनिटं चालते, आणि दोन्ही त्याच पायांनी करायच्या. हे लागोपाठ दोन वर्षं जिंकणारा माणूस साधा कसा काय?

"1992 ला फ्लॉप" हे तर सरळ खोटं आहे. 1992 च्या आल्बरव्हिल ऑलिंपिकच्या तोंडावर त्याला स्वादुपिंडाचं दुखणं झालं आणि हॉस्पिटलात पडावं लागलं, हे खरं. 5000 मध्ये तो सातवा आला, हेही खरं. पण पोस्ट तिथेच थांबते. त्याच ऑलिंपिकमध्ये काही दिवसांनी तो 1500 मीटरला उतरला आणि 1:54.81 वेळेत गोल्ड जिंकला, दुसरा आलेला आद्ने सोंद्रोल त्याच्याच देशाचा, फक्त 0.04 सेकंद मागे. मग 10,000 ला सिल्व्हर, डच बार्ट फेल्डकांपच्या अडीच सेकंद मागे. हॉस्पिटलमधून उठून आलेला माणूस एक गोल्ड एक सिल्व्हर घेऊन घरी जातो आणि आपण त्याला फ्लॉप म्हणतो.

आता घरचा बर्फ. यावर जरा सविस्तर बोलतो कारण हाच मुद्दा सगळ्यांना लगेच पटतो, मलाही कधीकाळी पटला होता. 1994 च्या शर्यती हामारच्या व्हायकिंगशिपेट हॉलमध्ये झाल्या, उलट्या ठेवलेल्या व्हायकिंग जहाजासारखं छप्पर आहे त्याचं, आत सगळी गर्दी नॉर्वेची. पण याच हॉलमध्ये 1993 चं ऑलराउंड वर्ल्ड टायटल कोणी नेलं? डच फाल्को झांडस्ट्राने. आणि 1994 च्याच जानेवारीत, ऑलिंपिकच्या जेमतेम महिनाभर आधी, याच बर्फावर युरोपियन चॅम्पियन कोण झाला? रिंत्ये रित्स्मा, तोही डच. म्हणजे घरच्या बर्फावर, घरच्या लोकांसमोर कॉस हरत पण होता, फेब्रुवारीत तो बर्फ काही बदलला नव्हता.

उलटं पण बघा ना. त्याचा 10,000 चा आधीचा वर्ल्ड रेकॉर्ड 13:43.54, तो 1991 ला हिरनव्हेनला झालेला. 5000 चाही एक रेकॉर्ड, 6:36.57, त्याने 1993 ला हिरनव्हेनलाच केलेला. हिरनव्हेन म्हणजे डच स्केटिंगची पंढरी, तिथे दर वारीला सगळं गाव केशरी कपड्यात हजर असतं. प्रतिस्पर्ध्याच्या पंढरीत जाऊन रेकॉर्ड करणाऱ्याला घरच्या बर्फाची गरज पडली असं म्हणायला जीभ कशी वळते मला कळत नाही.

आणि घरच्या बर्फाचा खरा हिशोब करायचाच तर शेल स्टुरेलीदला मधे घ्यावं लागेल, कारण तोही नॉर्वेचा, त्याच्यामागेही तीच गर्दी. 5000 मध्ये कॉस 6:34.96, स्टुरेलीद दुसरा, साडेसात सेकंदांहून जास्त मागे. 10,000 मध्ये कॉस 13:30.55, स्टुरेलीद 13:49.25. दोघांचं घर एकच, तरी 18.70 सेकंदांचा फरक. हा बर्फाचा फरक आहे का?

त्या 10,000 बद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. 20 फेब्रुवारी 1994. 400 मीटरचा ट्रॅक, 25 फेऱ्या, एका वेळी दोघंच बर्फावर, दर फेरीला लेन बदलायची. कॉसची सरासरी निघते फेरीला साधारण 32.4 सेकंद. व्हिडिओ बघताना एका जागी मी दर वेळी थांबतो, सरळ भागात तो दोन्ही हात पाठीवर ठेवून, कंबरेत पूर्ण वाकून जातोय, गुडघा इतका खाली की मांडी जवळजवळ आडवी, आणि हे शेवटच्या फेऱ्यांतसुद्धा तसंच. ज्यांनी नुसतं भिंतीला टेकून खुर्चीसारखं बसून बघितलंय त्यांना माहितीय एका मिनिटात मांड्यांचं काय होतं. हा साडेतेरा मिनिटं तसा वाकलेला, वेग ताशी 44 किलोमीटरच्या वर, पायाखाली मिलिमीटरभर जाडीचं पातं. स्वतःचाच वर्ल्ड रेकॉर्ड त्याने एका दिवसात तब्बल 13 सेकंदांनी खाली आणला. आणि दुसऱ्या आलेल्या स्टुरेलीदशी वेळेतला फरक अंतरात मोजाल तर ट्रॅकच्या अर्ध्याहून जास्त, 200 मीटरच्या वर भरतं.

"नवीन टेक्नॉलॉजीचे स्केट्स" हे कुठून आलं मला अंदाज आहे. क्लॅप स्केट्स. त्यात पातं बुटाच्या पुढच्या बाजूला बिजागरीवर असतं, टाच उचलली तरी पातं बर्फावर टेकलेलं राहतं, रेटा जास्त वेळ मिळतो, आणि पातं परत बसताना टाळीसारखा आवाज येतो. पण शर्यतींमध्ये ते गाजायला लागले 1996-97 च्या सीझनला, आणि 1998 च्या नागानो ऑलिंपिकला सगळ्यांच्या पायात होते. कॉस तोवर खेळातून बाहेर पडून कितीतरी दिवस झाले होते. त्याच्या पायात जुनेच, टाचेला घट्ट बसवलेल्या पात्याचे. त्याचा 10,000 चा रेकॉर्ड जवळजवळ चार वर्षं कोणाला हलला नाही, तो मोडला नागानोला, क्लॅप स्केट्सवर. म्हणजे टेक्नॉलॉजीने कॉसचा रेकॉर्ड केला नाही, मोडला.

खेळ "त्याच क्षणी" सोडला हेही नाही. हामारनंतर मार्चमध्ये तो स्वीडनला गोथेनबर्गला गेला, तिसऱ्यांदा ऑलराउंड वर्ल्ड चॅम्पियन झाला, मग थांबला. वय 25. पुढे मेडिकलचं शिक्षण पूर्ण केलं, आई-वडील दोघंही डॉक्टर.

आता पैशांचं. कॉसने दिला तो 1994 च्या 1500 मीटरच्या गोल्डचा बोनस, सुमारे 30 हजार डॉलर, ऑलिंपिक एड नावाच्या मोहिमेला. ही मोहीम लिलेहामरच्या, म्हणजे 1994 च्या ऑलिंपिकच्या, आयोजकांनीच सुरू केलेली, युद्धात होरपळलेल्या जागांसाठी, आणि त्यात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं ते आफ्रिका नव्हे तर बोस्नियातलं सरायेव्हो. दहाच वर्षांपूर्वी, 1984 ला, जिथे हिवाळी ऑलिंपिक झालं होतं ते शहर वेढ्यात अडकलेलं, तिथला ऑलिंपिकचा झेत्रा हॉल तोफांनी फोडलेला. आणि कॉस नुसता स्वतःचे देऊन गप्प बसला नाही, त्याने देशातल्या लोकांना सांगितलं की नॉर्वेच्या दर गोल्डमागे तुम्ही 10 क्रोनर (नॉर्वेचं चलन) द्या. नॉर्वेची त्या वेळी 10 गोल्ड झाली. मोहिमेत मिळून सुमारे 1 कोटी 80 लाख डॉलर जमले. पोस्टमध्ये एकटा दानशूर कॉस आहे, लाखो साध्या लोकांनी दिलेले 10-10 क्रोनर कुठेच नाहीत, आणि मला तर तेच सगळ्यात मोठं वाटतं.

"पोडियमवर आठवण आली" हे तर अजिबात नाही. 1993 मध्येच, म्हणजे ऑलिंपिकच्या आधी, तो ऑलिंपिक एडतर्फे पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियाला जाऊन आला होता. तीस वर्षांचं युद्ध संपून देश नुकताच स्वतंत्र झालेला. तिथे त्याला खेळणारी मुलं भेटली, त्याने ही गोष्ट नंतर खूपदा सांगितलीय. एक पोरगा सगळ्यांचा लाडका होता, का ते याला कळेना. विचारलं तर कळलं, त्याच्या शर्टाला लांब बाह्या आहेत. तो शर्ट काढायचा, गुंडाळायचा, बाह्यांनी गाठ मारायची, की झाला बॉल. परत येताना बॉल घेऊन येईन, असा शब्द कॉसने त्या पोरांना दिला.

मेडल्सनंतर तो टनांनी खेळाचं सामान घेऊन तिथे परत गेला, तेव्हा नॉर्वेतच टीका झाली की लोकांना खायला नाही आणि हा बॉल घेऊन चाललाय. एरिट्रियात मात्र त्याचं मनापासून स्वागत झालं, कारण आजवर जो येई तो धान्यच घेऊन येई, पोरांना खेळायला पण लागतं हे कोणी विचारात घेतलं नव्हतं. त्याच कामातून पुढे 2000 साली राइट टू प्ले ही संस्था उभी राहिली. म्हणून पोस्टमधले "उपाशी मुलांची" हे शब्द तरी कृपा करून काढा, कॉसने त्या पोरांना शब्द दिला होता तो बॉलचा.