शेजारच्या केबिनचा आवाज कसा जपावा

क्रूझवर शेजारच्या केबिनचा आवाज नीट ऐकू यावा यासाठी तयारी बुकिंगपासूनच करावी लागते. सगळं नशिबावर सोडणाऱ्यांना कधीकधी चुकून शांत केबिन मिळते. मग आठवडाभराची सुट्टी नुसती झोपण्यात वाया जाते आणि घरी आल्यावर सांगायला काही उरत नाही.

तेव्हा पहिला नियम: डेक प्लॅन उघडू नका. तुमच्या केबिनच्या वर काय आहे, खाली काय आहे, हे त्या नकाशात स्पष्ट दिसतं आणि सगळी गंमत जाते. चुकून नजर पडलीच, तर स्विमिंग पूलच्या बरोबर खालची केबिन घ्या. पहाट झाली की वर आरामखुर्च्या सरकवायला सुरुवात होते. एकेक खुर्ची लोखंडी डेकवरून अशी ओढली जाते की तिचा मार्ग तुम्ही डोळे मिटून छतावर काढून दाखवाल. डिस्कोच्या वरची केबिनही चांगली. गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, फक्त ठोका येतो, तोही गादीतून. हौस जरा वेगळी असेल तर अगदी पुढच्या टोकाला जा. बंदर जवळ आलं की जहाज आडवं सरकवणारे थ्रस्टर घरघरतात आणि नांगर टाकायचा असेल तर साखळीही सुटते. मागच्या टोकाला प्रोपेलरची थरथर असते, ती दातांना जास्त कळते. जहाजाच्या मधोमध, वर केबिन, खाली केबिन, अशी जागा मात्र कटाक्षाने टाळा. तिथे माणसं झोपतात.

ज्यांना एवढा विचार नको, त्यांच्यासाठी ‘गॅरंटी’ केबिन असते. पैसे कमी, पण खोली कंपनी ठरवणार. गॅरंटी एवढीच की खोली मिळेल. कुठली, ते नंतर कळेल. आपण तीच घ्यायची आणि कोणी विचारलं तर ‘आम्हाला ही केबिन दिली’ असं म्हणायचं. ‘घेतली’ म्हणालात की सहानुभूती संपली.

सगळ्यात उत्तम म्हणजे मधला दरवाजा असलेली केबिन. मोठ्या कुटुंबांना दोन खोल्या जोडून हव्या असतात, म्हणून दोन केबिनच्या भिंतीत दार ठेवलेलं असतं. तुमच्या बाजूने ते कायम बंद. पण दार म्हटलं की फट आली. फटीतून पलीकडचा टीव्ही, मोबाइलचा गजर आणि ‘चार्जर कुठे ठेवलास?’ हा प्रश्न, सगळं शब्दन् शब्द येतं. तिसऱ्या दिवशी चार्जर कुठे आहे हे तुम्हालाच माहीत असतं.

आता भिंतीविषयी थोडं. भिंतींना कान असतात ही म्हण जमिनीवरची. इथल्या भिंतींना घसा असतो. हल्लीच्या जहाजांवर बहुतेक केबिन कारखान्यात आख्ख्या तयार होऊन येतात, बाथरूमसकट, आणि कपाटात ड्रॉवर सरकवावा तशा जहाजात सरकवतात. भिंत म्हणजे पोलादाचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये खनिज लोकर, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंचा कापसासारखा थर. ती हलकी असावी लागते, कारण इतक्या मजल्यांचं वजन वर गेलं तर जहाजाचा तोल बिघडतो. आणि ती जळता कामा नये. १९३४ साली ‘मॉरो कॅसल’ हे लाकडी सजावटीचं प्रवासी जहाज जळालं, त्यानंतर आगीचे नियम कडक होत गेले. आज केबिनच्या भिंतीने प्रमाणित चाचणीत अर्धा तास ज्वाला अडवून धरायची असते. ते ती करते. शेजारच्या गृहस्थांचं घोरणं तिला अर्धा मिनिटही अडवता येत नाही, पण तसा नियम कुणी केलेला नाही.

खरं तर नियम आहे, फक्त तुमच्यासाठी नाही. जहाजावरच्या आवाजाची आंतरराष्ट्रीय संहिता जुलै २०१४ पासून लागू झाली. त्यानंतर बांधायला घेतलेल्या १०,००० टनांच्या वरच्या जहाजावर कर्मचाऱ्याच्या झोपायच्या केबिनमध्ये आवाज ५५ डेसिबलच्या वर जायला नको. दोन केबिनमधल्या भिंतीने किती आवाज रोखावा, याचाही आकडा त्यात आहे: ३५ डेसिबल, आणि मध्ये दार असेल तर ३०. प्रवाशांच्या खोल्या या संहितेतून वगळल्या आहेत. बरोबरच आहे. तुमचा पलंग रोज नीट करणाऱ्या माणसाला सकाळी काम असतं, तुम्हाला काय आहे?

दार आपटण्याचंही तेच. सगळे म्हणतात, लोकांना दार हळू लावायची अक्कल नाही. अक्कल नसेलही, पण प्रवासी जहाजावर केबिनचं दार आपोआप बंद होणारंच लागतं, तेही आगीमुळे, आणि ते उघडं अडकवून ठेवायला परवानगी नसते. त्यात कोणी बाल्कनीचं दार उघडं टाकून कॉरिडॉरचं दार उघडलं की समुद्राचा वारा आरपार जातो आणि दार तोफेसारखं लागतं. म्हणजे रात्री दोन वाजता जो धाडकन आवाज होतो, त्यात निम्मा वाटा सुरक्षेचा असतो. उरलेला निम्मा मनात धरून ठेवा.

यानंतर खरी साधना सुरू होते, ती म्हणजे आवाज कोणाचा हे ठरवणं. पोलाद आवाज आडवा नेतो, उभा नेतो, वळणावरूनही नेतो. उजवीकडून आलेली ठकठक दोन मजले वरची असू शकते. याचा विचार करू नका. पहिल्या रात्रीच एक शेजारी निवडा आणि त्याच्यावर ठाम राहा. व्हॅक्यूम टॉयलेटचा तो जीव ओढून घेणारा हुंकार आला की घड्याळ पाहा आणि वेळ लिहून ठेवा. पुढे पुढे त्या माणसाच्या पोटाची इतकी माहिती जमेल की त्याच्या डॉक्टरला उपयोगी पडावी. सकाळी नाश्त्याच्या रांगेत एखादा दमलेला चेहरा दिसला की हाच तो, असं धरून त्याच्याकडे रोखून बघा. तो बिचारा आठव्या डेकवरचा निघाला तरी हरकत नाही. त्याच्याकडेही कुणीतरी बघायला हवंच होतं.

भिंतीवर मूठ मारायची असेल तर मारा, जरूर. पत्रा सुंदर वाजतो. फक्त तो दोन्ही बाजूंना वाजतो, आणि ज्यांनी अजून काहीच केलेलं नाही ते तुमच्या दुसऱ्या बाजूचे शेजारीही जागे होतात. आता तुम्ही तिघे झालात.

जहाज पश्चिमेला निघालं असेल तर काही रात्री घड्याळं एक तास मागे करतात. झोपायला एक तास जास्त, असं माहितीपत्रकात छापतात. शेजारीही ते वाचतात. त्यांची बाल्कनीतली मैफल एकदा एक वाजता संपणार असते, ती मग एक वाजल्यानंतर पुन्हा एक वाजेपर्यंत चालते.

एक गोष्ट मात्र चुकूनही करायची नाही: आवाज चालू असताना रिसेप्शनला फोन. रात्रीही तिथे माणूस असतो. तो सुरक्षारक्षकाला पाठवतो, रक्षक शेजारचं दार वाजवून दोन शब्द बोलतो, आणि बऱ्याचदा दहा मिनिटांत सामसूम होते. मग त्या शांततेत तुम्ही एकटे काय करणार? तक्रार पाचव्या दिवशी करावी, दुपारी, जेव्हा शेजारी सहलीला गेलेले असतात आणि जहाज भरलेलं असल्याने केबिन बदलून मिळायची शक्यता उरलेली नसते. रिसेप्शनवर कानात घालायचे फोमचे बोळे देऊ लागले, तर घ्या, पण नीट वापरू नका. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे, ही पद्धत आहे. तसं केलंत तर ते चालतात. नुसते कानाच्या तोंडाशी ठेवा आणि सकाळी म्हणा, ‘काही उपयोग नाही हो.’ लाटांमुळे भिंतीचा जोड कुरकुरत असेल तर तेही केबिन आवरणाऱ्या स्टुअर्डला सांगू नका. तो पुठ्ठ्याची घडी फटीत खोचतो आणि विषय संपतो.

या सगळ्यात धोक्याचा दिवस पहिला. सुरक्षेची कवायत असते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे काय करायचं, कुठे जमायचं, हे सगळ्यांना सांगतात. शेजारच्या केबिनवाल्यांना जमायची जागा बहुधा तीच असते. म्हणजे तुम्ही आणि ते, लाइफजॅकेटच्या चित्रासमोर, खांद्याला खांदा लावून. आता ‘आम्ही जरा लवकर झोपतो’ एवढं वाक्य तोंडातून निसटू शकतं. छताकडे बघा. बायको कोपराने ढोसेल, तरी छताकडेच बघा.

पुढच्या सात रात्रींची नोंद वहीत नीट करा. वेळ, प्रकार, कालावधी. फोनवर आवाजाचं रेकॉर्डिंगही करून ठेवा. नंतर ऐकल्यावर त्यात एसीची घरघर आणि तुमचंच ‘ऐक, ऐक, पुन्हा!’ एवढंच असेल.

शेवटच्या सकाळी उतरायच्या रांगेत ते तुमच्या अगदी पुढे उभे असतील. तो, ती, चाकांची कर्कश बॅग आणि इतके दिवस फक्त आवाजाने ओळखीची झालेली दोन मुलं. तो वळून हसेल. केबिनचे नंबर जुळतील. ‘अरे, तुम्हीच होय शेजारी! मुलं फार दंगा करतात हो. आमचा काही त्रास नाही ना झाला?’

वही हातातल्या पिशवीत, अगदी वरच आहे.

‘छे, छे! कळलंसुद्धा नाही कुणी आहे म्हणून.’