सीटीची सीडी टाकून द्यायला सांगणारा तो मेसेज पुढे पाठवू नका

"सीटी-एमआरआयच्या सीड्या सांभाळत बसू नका, हे 5 उपाय करा" असा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. आत्याच्या घरच्या ग्रुपवर आला आणि आतेभावाने लगेच अमलात आणला. तिच्या छातीच्या जुन्या सीटीचे जेपीजी करून मोबाईलमध्ये टाकले, सीडी गेली भंगारात. तिच्या फुफ्फुसात एक छोटी गाठ आहे, आता नवीन सीटी झालाय आणि डॉक्टर म्हणतायत जुना आणा, गाठ वाढलीय का ते बघायचंय. मी हॉस्पिटलमध्ये पॅक्स सांभाळतो, म्हणजे सगळे स्कॅन जिथे साठतात ते आर्काइव्ह. बाहेरच्या सीड्या त्यात इम्पोर्ट करणं आणि पेशंटला त्याच्या फाइल्स काढून देणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हा मेसेज वाचून डोकंच फिरलं. एकेक मुद्दा घेतो.

"सगळ्या इमेज जेपीजी करून मोबाईलमध्ये ठेवा, डॉक्टर तेच बघतात."

नाही बघत. सीटीच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये एक मोजमाप असतं, हाउन्सफील्ड युनिट म्हणतात त्याला, पाणी 0, हवा उणे 1000, हाड कितीतरी वर. अशा साधारण 4096 पातळ्या डायकॉम फाइलमध्ये असतात, म्हणजे स्कॅन मूळ ज्या स्वरूपात साठवतात त्या फाइलमध्ये. नेहमीच्या जेपीजीत करड्या रंगाच्या फक्त 256. व्ह्यूअरमधून, म्हणजे स्कॅन बघायच्या सॉफ्टवेअरमधून, जेपीजी काढता तेव्हा त्या क्षणी स्क्रीनवर जी विंडो, म्हणजे मोजमापांचा जो पट्टा, लावलेली असेल तेवढंच उतरतं, बाकीचं कायमचं गेलं. छातीच्या मधल्या भागासाठी नेहमी लावतात ती विंडो साधारण उणे 160 ते 240 एवढंच दाखवते, त्याखालचं सगळं काळं. आणि फुफ्फुस असतं उणे 700 ते उणे 900 च्या आसपास! म्हणजे त्या विंडोत जेपीजी काढला की अख्खं फुफ्फुस काळं ठिक्कर, ग्राउंड ग्लास प्रकारची पुसट गाठ असेल तर ती दिसणारच नाही, आणि नंतर ब्राइटनेस कितीही वाढवा, जे फाइलमध्ये उरलेलंच नाही ते येणार कुठून?

दुसरं म्हणजे माप. दोन पिक्सेलमधलं अंतर किती मिलिमीटर, स्लाइस किती जाडीचा, हे डायकॉमच्या हेडरमध्ये, म्हणजे चित्रासोबतच्या माहितीच्या भागात, लिहिलेलं असतं, म्हणून डॉक्टर स्क्रीनवर रेघ ओढून गाठ मोजू शकतात. जेपीजीत हे काहीच येत नाही. आणि हे माप किती महत्त्वाचं आहे बघा, फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या स्कॅनमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकच घट्ट गाठ असेल आणि ती 6 मिमीपेक्षा लहान, तर कमी धोक्याच्या माणसाला पुन्हा सीटी करायची सहसा गरज नाही, 6 ते 8 असेल तर 6 ते 12 महिन्यांनी सीटी, 8 च्या वर गेली तर 3 महिन्यांनी सीटी किंवा पेट-सीटी, बायोप्सी यांचा विचार. एक-दोन मिलिमीटरवर एवढा फरक पडतो, आणि आपण ती फाइल स्क्रीनशॉट काढून टाकून देतोय. आत्याचा जुना स्कॅन आता त्या सेंटरच्या आर्काइव्हमध्ये अजून आहे का, हे विचारायला आतेभाऊ गेलाय.

हो, डायकॉमच्या आतही जेपीजी कॉम्प्रेशन चालतं, हे खरंय. पण ते 12 किंवा 16 बिटचं, म्हणजे 256 पेक्षा कितीतरी जास्त पातळ्यांचं, आणि काहीही न गमावणारंही असू शकतं आणि हेडर जागेवर राहतं, मोबाईलच्या जेपीजीशी त्याचा संबंध नाही. तुमचे जेपीजी मी आर्काइव्हमध्ये घेऊही शकतो, सेकंडरी कॅप्चर म्हणजे नुसतं चित्र म्हणून जातात, पण ना माप, ना विंडो बदलता येत, ना नवीन सीटीसोबत स्लाइसला स्लाइस लावता येत.

"सीडीवर एक्स्टेन्शन नसलेल्या फाइल्स असतात त्या कचरा किंवा व्हायरस, डिलीट करा, फक्त डॉट ईएक्सई ठेवा."

हे तर अगदी उलटं आहे!! ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात एक सीडी उघडून पाहिलेली नाही. त्या बिननावाच्या दिसणाऱ्या फाइल्स म्हणजेच तुमचा स्कॅन. डायकॉमचं स्टँडर्ड नेटवर फुकट वाचायला मिळतं, त्याच्या 10 व्या भागात स्वच्छ लिहिलंय की सीडीवरच्या फाइलच्या नावात जास्तीत जास्त 8 अक्षरं, इंग्रजी कॅपिटल, आकडे आणि अंडरस्कोअर. टिंबाला परवानगीच नाही, मग एक्स्टेन्शन येईल कुठून? खरी ओळख फाइलच्या आत असते, पहिले 128 बाइट सोडले की पुढची 4 अक्षरं डी-आय-सी-एम. ईएक्सई म्हणजे नुसता व्ह्यूअर, तो कुठूनही मिळतो. छातीच्या सीटीचे 300 स्लाइस असतील, एकेक अर्धा एमबी, म्हणजे साधारण 150 एमबी. ते पुसून व्ह्यूअर सांभाळायचा?

डायकॉमडिर नावाच्या फाइलबद्दल तो म्हणतो की ती नसली तरी चालतं. बरं, हे अर्धं खरं. ती फक्त अनुक्रमणिका, आमचं आर्काइव्ह फोल्डरमधल्या फाइल्स थेट वाचून घेतं. पण काही ठिकाणची सॉफ्टवेअर तिच्याशिवाय सीडी उघडत नाहीत, मग उगाच कशाला उडवायची.

"फाइलचं नाव बदला, मग कुठल्याही फ्री वेबसाइटवर टाका, ओळख कळत नाही."

फाइलच्या नावात तुमचं नाव बहुतेक वेळा नसतंच. ते आत असतं, हेडरमधल्या 0010,0010 या टॅगमध्ये म्हणजे रकान्यात, शेजारी जन्मतारीख, पेशंट आयडी, हॉस्पिटल, पाठवणारे डॉक्टर. ओळख पुसायची कशी यासाठी त्याच स्टँडर्डच्या 15 व्या भागात टॅगची भलीमोठी यादी आहे, पानंच्या पानं. सोनोग्राफीत तर नाव चित्रावरच छापलेलं असतं. 2019 मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीने नेटवर उघडे पडलेले पॅक्स शोधले तेव्हा 52 देशांत 590 आर्काइव्ह आणि सुमारे 2 कोटी 43 लाख रेकॉर्ड सापडले, नाव-जन्मतारखेसकट, आणि त्यात भारतही होता.

"नवीन हॉस्पिटल सीडी घेत नसेल तर समजा परत स्कॅन करून पैसे उकळायचेत."

काही ठिकाणी जुनी सीडी न बघताच नवीन स्कॅन लिहितात, हे मी नाकारत नाही, तिथे जरूर भांडा. पण इम्पोर्टला वेळ लागण्याचं खरं कारण वेगळं असतं. तुमचा जुन्या सेंटरचा आयडी 1023 असेल तर आमच्याकडे 1023 दुसराच कोणीतरी असतो. सीडी तशीच आत ढकलली तर तुमची गाठ त्याच्या नावावर जाईल. म्हणून नाव, जन्मतारीख, लिंग ताडून आमचा आयडी लावावा लागतो. "लगेच टाका" म्हणून काउंटरवर आरडाओरडा करू नका.

"हॉस्पिटलला सगळं कायम ठेवावंच लागतं."

नाही. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत भरती पेशंटचं रेकॉर्ड 3 वर्षं ठेवायचं म्हटलंय, आणि मागितलं की 72 तासांत द्यायचं. हा हक्क वापरा, पण वर्षं उलटायच्या आत. सीडी मिळाली की अख्खी कॉपी करा, एकही फाइल न गाळता, दोन ठिकाणी ठेवा. पाठवायची असेल तर झिप करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही. आणि पेनड्राइव्हवर मागताना "डायकॉममध्ये सगळे स्लाइस द्या" असं स्पष्ट बोला, नाहीतर पीडीएफ रिपोर्ट आणि चार जेपीजी हातात देतात.