‘हौशी’ म्हणालात, म्हणून एवढं लांब उत्तर

नमस्कार.

‘ढमीचं नवं घर’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा चष्मा नव्हता, म्हणून वाटलं आपणच काहीतरी चुकीचं वाचतोय. चष्मा लावल्यावरही तेच होतं.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की आम्ही नाशिकमधला मखमलाबाद रोडवरचा फ्लॅट सोडून आनंदवल्लीच्या पुढे रो-हाऊसमध्ये राहायला आलो, आमच्या मांजरीला, ढमीला, तीन आठवडे घरात ठेवलं आणि बाविसाव्या दिवशी दार उघडलं. त्यावर पुण्याच्या या गृहस्थांचं म्हणणं असं: “तीन आठवड्यांत मांजर बाहेर सोडणं हा हौशी लोकांचा निष्काळजीपणा आहे!!! मोठ्या वयाच्या मांजराला सहा आठवडे तरी लागतात.” पुढे बिबट्या, पक्षी, शेजारी, नसबंदी, गळ्यातला पट्टा, आणि शेवटी, “लिहिण्याआधी थोडा अभ्यास करावा.”

तीन उद्गारचिन्हं. मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. एका वाक्याला एक पुरतं, आणि विधान खरं असेल तर तेही लागत नाही. ‘अभ्यास करावा’ यातला ‘करावा’ दिसायला आदराचा, पण तो वरच्या पायरीवरून खाली टाकलेला असतो. वर्गात मीही तो तसाच वापरायचे, म्हणून ओळखते.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी देऊन टाकते, म्हणजे पुढे बोलायला मोकळी. पट्टा. ‘नाव आणि नंबर लिहिलेला पट्टा घाला’ एवढंच मी लिहिलं होतं. तो ओढ बसताच सुटणारा हवा, हे लिहायचं राहिलं. साधा बकलचा पट्टा फांदीत किंवा खिडकीच्या गजात अडकतो, नाहीतर मांजर पुढचा पाय त्यात घालून बसतं आणि काखेत जखम होते. लेखात दुरुस्ती केली आहे. तुमचं नाव घालू का, विचारणार होते. मग शेवटची ओळ आठवली.

आता ‘हौशी’.

माझा जन्म पंचवटीतला, शनी चौकाजवळच्या वाड्यातला. त्या वाड्यात मांजर ‘पाळलं’ असं कुणी म्हणत नसे. मांजरं असत, जशी पाल असते, तुळस असते. मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं म्हणतात. आजी ती घरं मोजायची. धान्याच्या कोठीमागे एक, बंबाच्या खोलीत दुसरं, देवघराखालच्या कपाटात तिसरं, माळ्यावर चौथं. मानेला धरून लोंबणारं पिल्लू आणि आईची ती चोरटी चाल बघतच मी पाढे पाठ केले. रंगपंचमीला चौकातली रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा हौद, उघडली आणि त्यात धप्पा मारणाऱ्यांचा गलका सुरू झाला की सगळी मांजरं तुळईवर चढून बसायची आणि रात्री सामसूम झाल्यावरच उतरायची. तुळईखाली बशी ठेवून हाका मारण्याचं काम माझं. तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. ही हौस नव्हे. याला वळण म्हणतात.

आणि तुम्ही ज्या वाक्यावर तीन उद्गारचिन्हं खर्च केलीत, त्याची किंमत मी आधीच मोजून बसले आहे. साल २००३, सिंहस्थाचं. वाड्याची मागची भिंत खचली म्हणून आम्ही घाईघाईने मखमलाबाद रोडला भाड्याच्या घरात गेलो. बरोबर सुभान्या, आमचा बोका, भाजीच्या टोपलीत, वरून टॉवेल बांधून. पाचव्या दिवशी आमचे हे म्हणाले, “रुळला आता, जेवतोय की.” दार उघडलं. सुभान्या पायरीवर बसला, शेपटी दोनदा आपटली आणि गेला.

अकराव्या दिवशी सापडला. कुठे? वाड्यात, आमच्याच बंद स्वयंपाकघराच्या खिडकीत. बरगड्या मोजता येत होत्या, मागच्या पायाचा तळवा सोलवटलेला. श्रावण होता, पंचवटी माणसांनी फुललेली, निमाणी बसस्थानकाच्या पुढे रिक्षा सोडत नव्हते. त्या गर्दीतून टोपली छातीशी धरून मी चालत आले, आणि माझे हात त्याने ओरबाडून काढले. आठ दिवसांनी पुन्हा गेला. पुन्हा आणला. तिसऱ्या खेपेला महिनाभर दार उघडलं नाही, तेव्हा कुठे टिकला. मग त्या घरी नऊ वर्षं राहिला. तेव्हा निष्काळजीपणा कशाला म्हणतात हे मला पुण्याहून कुणी कळवण्याची गरज नाही. मी तो स्वतः केलेला आहे.

पण अभ्यासच हवा असेल तर घ्या. १९२२ साली अमेरिकेत हेरिक नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने पिल्लांच्या आईला घरापासून एक ते चार मैल दूर नेऊन सोडून पाहिलं. ती पुन्हा पुन्हा पिल्लांकडे परतली. चार मैल म्हणजे सहा किलोमीटरच्या वर. आमचं जुनं घर आता त्या टप्प्यातच आहे. मध्ये गोदावरी आहे खरी, पण पूल मांजरालाही दिसतो. पोत्यात घालून लांब सोडून आलेलं मांजर चार दिवसांनी ओट्यावर हजर, या गोष्टी आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यासाठी हेरिकही नको.

म्हणून प्रश्न आठवड्यांचा नाहीच, आणि लेखात मी तेच लिहिलं होतं. तुम्ही आकडा वाचलात आणि परिच्छेद सोडलात. मांजराचं घर नाकाने बांधलेलं असतं. गालावर, हनुवटीवर, पंजांच्या गादीत त्याच्या वासाच्या ग्रंथी असतात. नव्या घरात त्याचा स्वतःचा वास कुठेच नसतो, म्हणजे त्याच्या लेखी ते घरच नसतं. ढमी पहिले चार दिवस वॉशिंग मशीनच्या मागे होती. जेवायची फक्त रात्री, आम्ही दिवे मालवल्यावर. जुनी, न धुतलेली चादर मी मुद्दाम त्या खोलीत टाकली होती (सुनेने दोनदा ती मशीनमध्ये घातली आणि मी दोनदा बाहेर काढली). दहाव्या दिवशी तिने फ्रिजच्या कोपऱ्याला गाल घासला. मग रोज. आता तिथे तिच्या उंचीवर बोटभर मळकट तपकिरी पट्टा उठला आहे, तेलकट, पुसला तरी दुसऱ्या दिवशी परत. सून म्हणते, डाग. मी म्हणते, सात-बाराचा उतारा.

तो उतारा झाल्यावर, आणि भर दुपारी हॉलच्या मध्यभागी पोट वर करून झोपायला लागल्यावरच मी दार उघडलं. तेही सकाळी, जेवणाआधी, उपाशीपोटी. दार मागे सताड उघडं, मी पायरीवर स्टुलावर, हातात बशी आणि चमचा. दहा मिनिटं. चमचा वाजवला, ती आत आली, मग जेवण. याला तुम्ही ‘बाहेर सोडणं’ म्हणता. पहिलीच्या पोराला हात धरून शाळेच्या फाटकापर्यंत नेलं तर त्याला वाऱ्यावर सोडलं म्हणाल का?

सहा आठवड्यांना माझा विरोध नाही. बुजऱ्या मांजराला सहाही लागतात, आठही लागतात. फक्त आकडा मोठा सांगितला म्हणजे अभ्यास मोठा ठरत नाही. ढमी नऊ वर्षांची आहे हे तुम्ही बरोबर हेरलंत. पण तिच्या नऊपैकी नऊ वर्षं ती माझ्याकडे आहे, तुमच्याकडे नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. बिबट्या: संध्याकाळी सहाच्या आत ढमी घरात असते, आणि राहील. २०१९ च्या जानेवारीत सावरकरनगरात तो भर सकाळी शिरला होता, हे तुम्ही लिहिलंत ते खरं. त्या दिवशी बघायला जमलेली माणसं घरात बसली असती तरी पुष्कळ झालं असतं. पक्षी: नांदूर मध्यमेश्वरला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा २०२० साली जाहीर झाला, महाराष्ट्रात पहिला. तिथली बदकं ढमीने खाल्लेली नाहीत. जुन्या घरी एकदा एक बुलबुल झाला होता, त्याचं मला वाईट वाटलं, आणि ते मी तुम्हाला सांगायला हवं होतं असं नाही. नसबंदी आठ वर्षांपूर्वीच झाली. रेबीजची आणि तीन रोगांची एकत्रित लस दर वेळी वेळेवर, कार्ड ड्रॉवरमध्ये आहे. शेजारी चांगले आहेत.

आणि तुमचा बोका. सातव्या मजल्यावर सात वर्षं, ‘एकदाही उंबरा ओलांडलेला नाही’, असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. असेल. त्याचं मत विचारलं होतंत का, हे मात्र लिहिलेलं नाही. गॅलरीला जाळी लावली आहे असं मी धरून चालते; इतक्या उंचीवरून पडलेलं मांजर दर वेळी चार पायांवर उतरून चालू लागत नाही. हे थोडं तिरकस झालं, मान्य. खोडणार होते, पण तुमचीही प्रतिक्रिया मी न खोडता ठेवली आहे.

आता शेवटचं, कारण दोन जणांनी खाली विचारलंय. ढमी अजून अंगणाच्या भिंतीपलीकडे गेलेली नाही. आज ३४ वा दिवस. ती रोज सकाळी उंबऱ्यावर बसते, पुढचे दोन पाय बाहेर, मागचे दोन आत, आणि मी स्टुलावर. तुमच्या सहा आठवड्यांना अजून आठ दिवस आहेत, हे मोजायला मला तुमची गरज पडली नाही. आणि थांबले आहे ती तुम्ही लिहिलंत म्हणून नव्हे. पाऊस आहे म्हणून.